काट्यावरच्या कण्या

हातात कचोरी दिसली की कण्यावाले काका ती सरळ हिसकावून घ्यायचे. समोरचा साहेब आहे की ड्रायव्हर, हे बघायचे नाहीत. वणीजवळच्या एका वजनकाट्यावर कोळशाचे ट्रक तोलायची नोकरी मी धरली, तेव्हा ते तिथे आधीपासून कामाला होते. पहिल्याच सकाळी त्यांनी माझी कचोरी बाहेरच्या कुत्र्याला घातली. मी चिडलो. ते म्हणाले, "बाबू, तो कुत्रा दिवसभर पयते. तू खुर्चीवर बसून राह्यतं."

सहाची पाळी, ट्रकांची रांग, नाश्त्याला उठायला फुरसत नाही, हे माझं ठरलेलं रडगाणं. त्यावर काकांकडे एक स्टीलचा डबा होता. ज्वारीच्या कण्या आदल्या दिवशी शिजवून ठेवायच्या, सकाळी त्यात ताक, मीठ आणि चिरलेला कांदा कालवायचा. एक ट्रक गेला की चार घास, दुसरा गेला की आणखी चार. "हे खाल्लं का दुपारलोक पोट आवाज देत नाही. कायले पाह्यजे तुले ते तेल?" चव मला महिनाभर आवडली नाही, हेही सांगून टाकतो.

दर एक तारखेला काटा रिकामा झाला की काका मला त्यावर उभं करायचे. ट्रकांचा काटा तो, दहा किलोच्या खालचा फरक त्याला कळतच नाही. मी नव्वद भरायचो, काका सत्तर. ड्रायव्हर खाली उतरून आमची गंमत बघायचे. "ज्या दिवशी ऐंशी येईन, त्या दिवशी कचोरी मीच चारतो तुले," असा काकांचा शब्द होता.

मी नव्वदवरच अडकलो आणि एका महिन्यात काकांचाच आकडा साठ आला. आम्ही टाळ्या वाजवल्या. एक ड्रायव्हर म्हणाला, "काका, तुमी त हिरो दिसून राह्यले!" काका चक्क लाजले. त्या दिवसांत ते डबा माझ्याकडे सरकवायचे. "तू खा, मले भूक नाही." मी खायचो. दिवसभर दहा-दहा किलोंवरून ड्रायव्हरांशी भांडणारे आम्ही, पण काकांचं वजन का उतरतंय, हे एकानेही विचारलं नाही. ते मला आजही सलतं.

पोटात गाठ निघाली तेव्हा फार उशीर झाला होता. नागपूरच्या फेऱ्या संपवून काका घरी परतले आणि खाटेला खिळले. मी भेटायला गेलो तेव्हा काकूंनी माझ्यापुढे कण्यांची वाटी ठेवली. काकांना घोटभर ताकही उतरत नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "बाबू, किती भरलं?"

ते काट्यावर येईनासे झाल्यापासून मी पुन्हा कचोरीवर आलो होतो. काटा नव्वदच दाखवत होता. मी म्हणालो, "ऐंशी."

"मंग तुही कचोरी राह्यली माह्याकडं," असं म्हणून ते हसले. किती दिवसांनी हसले, असं काकू म्हणाल्या. मी मान खाली घालून वाटी संपवली. आठ दिवसांनी काका गेले.

तेव्हापासून डबा मी नेतो. कण्या कशा शिजवायच्या, ते काकूंनीच शिकवलं. गेल्या एक तारखेला काटा रिकामा झाला आणि मी त्यावर जाऊन उभा राहिलो. काकांच्या खुर्चीवर आता बसणाऱ्या सहकाऱ्याने खिडकीतून ओरडून सांगितलं, "ऐंशी!"

ड्रायव्हर टाळ्या वाजवायला लागले. मी हात जोडून त्यांना थांबवलं.