बाटलीतलं ऊन

माझ्या सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हेत, पोहण्याचे. उभं आयुष्य त्यांनी क्लबच्या उघड्या तलावाच्या काठावर काढलं, अर्ध्या चड्डीत, गळ्यात शिट्टी अडकवून. मुळात ते गोरे. लग्नातल्या फोटोत तर ओळखूही येत नाहीत. पण मी जावई म्हणून या घरात आलो तेव्हा त्यांचा रंग जुन्या लाकडी कपाटासारखा झाला होता, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. "रंग बघून लोक पोरं सोपवतात, जावईबापू," ते म्हणायचे. "फिकट मास्तर कुणाला हवाय?"

मग त्यांच्या कानाच्या पाळीवर एक खपली धरली, ती काही केल्या जाईना. शेवटी माझ्या बायकोने, म्हणजे त्यांच्या मुलीने, दम देऊन त्यांना डॉक्टरकडे नेलं. कातडीचा कर्करोग निघाला. वेळेत सापडला, म्हणून पाळीचा तुकडा काढण्यावर भागलं. डॉक्टर म्हणाले, "जन्मभराचं ऊन तुम्ही आधीच खाऊन बसलायत. आता पुरे." मास्तरांनी मान हलवली आणि क्लबात जाऊन सांगितलं की डोळ्यांना उजेड सोसत नाही, मला छपराखालचा तलाव द्या. खरं सांगायला त्यांची जीभ रेटली नाही. आजारी माणसाच्या हातात मूल कोण देतं, हे त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. पण सासऱ्यांशी वाद घालणाऱ्या जावयाला आमच्या घरात चहा उशिरा मिळतो.

छपराखाली वर्ष गेलं आणि रंग उतरला. आधी पायांचा, मग हातांचा, शेवटी चेहऱ्याचा. पालक विचारू लागले, "मास्तर, बरं नाही का?" एका आईने तर मुलीला दुसऱ्या शिक्षकाकडे वळवलं. क्लब दर वर्षी शिक्षकांची नव्याने नेमणूक करतो, आणि ती वेळ तोंडावर आली होती. सासूबाई गेल्यापासून मास्तरांना तलावाशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. नेमणूक हुकली तर हा माणूस खचणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं, पण विषय कुणी काढत नव्हतं.

बायकोचं पार्लर घराच्याच पुढच्या खोलीत आहे. तिथे अर्ध्या बायकांना उजळ व्हायचं असतं आणि उरलेल्यांना समुद्रावर सुट्टी घालवून आल्यासारखं दिसायचं असतं. एका दुपारी मास्तर तिथल्या खुर्चीत जाऊन बसले.

"ते उन्हाशिवाय रंग आणणारं काय लावतेस गं तू बायकांना?"

"लोशन. का?"

"मला लाव."

ती हसली, मग बापाचं तोंड बघून हसायची थांबली. हे लोशन कातडीच्या अगदी वरच्या थराला रंगवतं, काही दिवसांनी आपोआप जातं. आधी तिने दंडाच्या आतल्या बाजूला ठिपका लावून पाहिला, खाज आली नाही. मग दुसऱ्या दिवशी अंग खरखरीत मोज्याने घासून घेतलं, कोपरांना आणि गुडघ्यांना साधं क्रीम चोपडलं, कारण तिथली कोरडी कातडी जास्त रंग पिते. लोशन लावून झाल्यावर बजावलं, "रात्रीपर्यंत अंगाला पाणी लागता कामा नये."

"मी काठावरच उभा राहणार आहे," मास्तर म्हणाले.

संध्याकाळच्या तुकडीला सूर मारायला शिकवताना मास्तरांनी स्वतःच सूर मारून दाखवला. सवयच ती. सकाळी उठून पाहतो तर अंगावर नकाशा उमटलेला: एक दंड तपकिरी, एक पांढरा, पोटावर ओघळ. तो रंग जाईपर्यंत त्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून शिकवलं आणि आमच्याशी बोलणं टाकलं, जणू उडी मीच मारली होती.

दुसऱ्या खेपेला त्यांनी स्वतः लक्ष घातलं. "असा सरसकट रंग कुणाला उन्हाने येतो का? पोहणाऱ्याच्या डोळ्यांभोवती चष्म्याची खूण असते, मानेवर शिट्टीच्या दोरीची." मग चिकटपट्ट्या कापायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सासऱ्यांच्या मानेवर दोरीच्या मापाची पट्टी चिकटवणारा मी जगातला पहिलाच जावई असेन. या वेळी मास्तर खुर्चीतून हलले नाहीत. सकाळी आरशासमोर उभे राहिले, तेव्हा मलाही मानावं लागलं की जुने मास्तर परत आले.

"दिसायला ठीक आहे बाबा," बायको म्हणाली, "पण हा रंग ऊन अडवत नाही. आत कातडी तीच आहे."

"माहितीये गं," ते म्हणाले. लक्ष आरशात होतं.

नेमणुकीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत क्लबच्या कचेरीत गेलो. सेक्रेटरींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खूश झाले. "वा मास्तर! डोळे बरे झाले म्हणायचे. उन्हात जायला लागलात वाटतं? अहो, चष्म्याची खूणसुद्धा आली! मग आपला उघडा तलाव परत घ्या की. तिथे तुमच्यासारखा दुसरा कोण आहे? छपराखाली नव्या बाईंना नेमतो."

मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. पण मास्तर तोवर हरभऱ्याच्या झाडावर चढले होते. "घेतो," म्हणाले.

घरी येऊन त्यांनी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं आणि बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"उघड्या तलावासाठी मी रंग लावणार नाही. उन्हात मरायला मी तुम्हाला सजवणार नाही बाबा."

"टोपी घालीन. क्रीम लावीन."

"आणि आयुष्यभर पाण्यात न उतरता शिकवाल? तुम्ही?"

मास्तर उठून आत गेले. रात्री जेवले नाहीत. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त त्यांची कीव येत होती.

पुढच्या आठवड्यात ते एकटेच कचेरीत गेले आणि कानापासून बाटलीपर्यंत सगळं सांगून आले. सेक्रेटरी भला माणूस, चिडला नाही. पण छपराखालच्या तलावावर नव्या बाई रुजू झाल्या होत्या, त्यांना आता हलवता येणार नव्हतं. मास्तरांनी परत येऊन चपला काढल्या आणि सेक्रेटरींचं वाक्य आम्हाला जसंच्या तसं सांगितलं: "आधी सांगितलं असतंत मास्तर, तर तुमची छपराखालची जागा मी कुणाला दिलीच नसती."

आता ते घरीच असतात. पार्लरचे टॉवेल वाळत घालतात, तेही सावलीत. अंगावरचा रंग हळूहळू उतरला. परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा ते येऊन त्याच खुर्चीत बसले.

"जरा हातांना लाव गं."

"कुठे जायचंय का?"

"कुठेच नाही. या हातांवर किती पोरं तरंगवली. पांढरे पडले की कुणा परक्याचे वाटतात."

बायकोने बाटलीचं झाकण उघडलं. तिने त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि सावकाश कोपरापासून सुरुवात केली.