ट्रकच्या बॅटरीवर चालणारी संघटना

यूपीएसच्या पेटीला हाताची पालथी बाजू लावायची, डोळे मिटून उभं राहायचं आणि मग निकाल द्यायचा, "ताप हाय हिला." बॅटरीवाल्या मिस्त्रींची ही तपासणी तुम्हीही कोल्हापुरातल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात नाहीतर दवाखान्यात पाहिली असेल. भारनियमनाच्या त्या वर्षांत अर्धं गाव त्यांच्या जिवावर कॉम्प्युटर चालवत होतं. त्यांचा उजवा डोळा आमच्या ऑफिसात गेला. हे आधीच सांगतो, कारण आमच्या संघटनेने ते कधीच सांगितलं नाही.

संघटना फाउंड्री कामगारांची. तिची पत्रकं मी कॉम्प्युटरवर लिहायचो. शिव्यांच्या जरा अलीकडची भाषा आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं. दिवसातून दोनदा वीज जायची आणि यूपीएसची पेटी दहा मिनिटांत मान टाकायची. मिस्त्रींनी तिच्या आतली डब्याएवढी बॅटरी काढली, वायरी भोक पाडून बाहेर घेतल्या आणि त्या चिमट्यांनी ट्रकच्या दणकट बॅटरीला जोडल्या. पेटीच्या झाकणावर एक छोटा पंखाही बसवला.

"हा कशाला?"

"हिला दहा मिनिटं पळायची सवय. तुम्ही दोन तास पळवणार. वारा नको व्हय तिला?"

जाताना बजावलं, "पुढारी, बॅटरी खिडकीपाशीच ऱ्हाऊ दे. चार्ज होताना ह्यातनं गॅस निघतोय. कोंडला आणि ठिणगी पडली, की बार! आणि चिमट्याला मी सोडून कुणी हात लावायचा न्हाय."

मी तेव्हा पंचविशीतही नव्हतो. 'पुढारी' ऐकून सुखावलो. ती टिंगल होती.

खिडकी उघडी ठेवली की पत्रकं उडायची. म्हणून अध्यक्षांनी ती बंद करायला लावली, बॅटरीभोवती पत्रकांचे गठ्ठे रचले आणि वर फळी टाकली. झालं चहाचं टेबल! गठ्ठ्यांवरचा मथळा माझाच: 'भट्टीवरच्या कामगारांना चष्मे द्या!!!' मिस्त्री महिन्याला बॅटरीत पाणी घालायला यायचे, गठ्ठे हलवायचे, खिडकी उघडायचे. "शिकलेली माणसं न्हवं तुम्ही?" ते जिना उतरले की गठ्ठे परत जागेवर.

एका सकाळी वीज गेली आणि पेटी कोकलायलाच लागली. मिस्त्रींना बोलावलं. फळी काढताच वास नाकाला झोंबला.

"आधी मशीन बंद करा. खिडकी उघडा."

"एवढा परिच्छेद होऊ द्या," मी म्हणालो.

ते पाणी बघायला वाकले. पेटी पुन्हा किंचाळली, कॉम्प्युटरचा पडदा लुकलुकला. मजकूर जाणार, म्हणून मी हात घालून ढिला चिमटा दाबला.

बार झाला. बॅटरी फुटून ॲसिड थेट त्यांच्या तोंडावर. "पाणी! पाणी वता!" माठ रिकामा होईपर्यंत मी ओतत राहिलो.

संध्याकाळी बैठक. अध्यक्ष म्हणाले, "वाईट झालं. पण तो काय आपला कामगार नव्हे. आणि त्याने चष्मा घालायला नको?" भट्टीवरच्या कामगाराबद्दल हेच वाक्य मालक बोलले तेव्हा आम्ही त्यांचा पुतळा जाळला होता. मला किळस आली. पण चिमटा कुणी दाबला, हे मीही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर उभा राहून चष्म्यांची पत्रकं वाटली. ती किळस अजून जात नाही, आणि ती एकट्या अध्यक्षांबद्दलची नाही.

चार-पाच महिन्यांनी हुपरीला मिस्त्रींच्या घरी गेलो. बायको पैंजणाच्या कड्या जोडत बसली होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, हात माझा होता.

"म्हाईत हाय की," मिस्त्री म्हणाले. "तवा दोन्ही डोळं हुतं मला."

"दुकान बंद केलंत?"

"वायर दिसतीया हितं आणि असतीया तितं. चिमटा भलत्याच टोकाला लागला तर? दुसऱ्याचं घर जाळू व्हय?"

अध्यक्षांविरुद्ध पत्रक काढतो, मी म्हणालो. नाव घालून, सगळं लिहून.

"लई लिवलासा," ते म्हणाले. "च्या घ्या."

किटली त्यांनीच उचलली. धार कपाच्या बोटभर अलीकडे, ताटलीत पडायला लागली. बायकोने पैंजण मांडीवर ठेवलं आणि कप सरकवून धारेखाली आणला.