विनिताने निवडलेले टायर

विनिता घागची जुनी जीप घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या पार्किंगमध्ये उभी असायची, आणि अलीकडे नुसती उभीच असायची. पूर्वी असं नव्हतं. दर पावसाळ्यात जीपवाल्यांच्या ग्रुपबरोबर मुरबाडच्या पलीकडच्या रानवाटा ती पालथ्या घालायची. लग्न तिने केलं नव्हतं. सॉफ्टवेअर तपासायची नोकरी आणि सुट्टीला चाकाखाली चिखल, एवढ्यावर ती खूश होती. बाईमाणूस जीप घेऊन रानात काय करते, असं कुणी विचारलं की तिचे वडील महिपतराव छाती फुगवून सांगत, "ओढ्यात रुतलेली गाडी काढते. तुम्हाला जमेल का?"

तेच महिपतराव आता तिला ओळखत नव्हते. वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात उभा जन्म लेथवर काढलेला माणूस. बायको गेल्यावर कळव्याची खोली विकून लेकीकडे राहायला आले आणि मग हळूहळू एकेक गोष्ट निसटत गेली. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग लेक. संध्याकाळ झाली की चपला चढवून दाराशी उभे. "अहो बाई, दार उघडा. मला घरी जायचंय. कळव्याला."

"बाबा, हेच घर आहे आपलं."

"का कोंडून ठेवलंय मला? मी काय केलंय तुमचं?"

एकदा ते खरंच बाहेर पडले आणि हायवेच्या गाड्यांमध्ये सापडले. तेव्हापासून विनिताने दाराला वर, त्यांचा हात पोचणार नाही अशी कडी बसवून घेतली. सुतार ती ठोकत होता तेव्हा ती बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसली. आता नोकरी घरातूनच. दिवसा त्यांना बघायला नंदा यायची. ती गेली की ही दोघं आणि ती कडी.

ग्रुपच्या सहली बंद झाल्या, पण नव्या टायरचा शोध विनिताने थांबवला नाही. बाबा जेवताना एका हाताने त्यांना घास भरवायचा, दुसऱ्या हाताने मोबाइलवर टायर बघायचे. तिला जायचं होतं त्या वाटेवर निम्मा चिखल आणि निम्मा खडक. खोल, रुंद खाचांचा टायर चिखल मागे फेकत पुढे जातो, पण ओल्या कातळावर त्याचे रबराचे मोजके ठोकळे टेकतात आणि गाडी घसरते. जवळजवळ ठोकळ्यांचा टायर कातळ धरतो, मात्र चिखलात त्याच्या खाचा लिंपून जातात आणि चाक जागच्या जागी फिरतं. दोन्हीच्या मधलाही एक प्रकार होता, बाजूने जाड आणि मजबूत. तोच घ्यायचा हे तिला पहिल्यापासून पटलेलं होतं.

ग्रुपमधल्या रतनचं कल्याण-शीळ रोडला टायरचं दुकान होतं. ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. "अगं, पुढच्या आठवड्यात जातोय सगळे. किती वर्षं पार्किंगमध्ये सडवणार आहेस जीप? ये, टायर घालून देतो."

सहलीचे दोन दिवस मुक्कामाला राहायला नंदा तयार झाली. दुकानात जायचं होतं त्याच्या आदल्या रात्री विनिताला झोपच आली नाही. पण सकाळी नेमका नंदाचा मुलगा तापाने आजारी पडला आणि ती आली नाही. विनिताने बाबांना बरोबर घेतलं, जीपमध्ये बसवलं, पट्टा लावला आणि निघाली.

दुकानात मधला आणि चिखलाचा असे दोन्ही टायर शेजारी शेजारी ठेवलेले. मधला तो शहाण्यासारखा दिसत होता. चिखलाचा मात्र दांडगा, बोटभर खोल खाचांचा. नुसता बघितला तरी लांब कुठेतरी गेल्यासारखं वाटावं असा. विनिता म्हणाली, "हा घाल."

"नक्की? तूच तर म्हणालेलीस, खडकावर..."

"घाल रे."

रतनने चारही घातले. परतताना तिला राहवलं नाही. मलंगगडाच्या बाजूला एक ओढा तिच्या ओळखीचा होता. तिथवर जाऊन पकड बघायची आणि लगेच फिरायचं. अशा वाटेवर एकटी गाडी न्यायची नसते, हे ती नव्या लोकांना दरडावून सांगायची. त्या दिवशी तिने ते स्वतःला सांगितलं नाही.

डांबरी रस्त्यावर टायर घूंऽऽ करत वाजत होते आणि बाबा कानांवर हात धरून बसले होते. कच्ची वाट लागली तसा आवाज विरला. चिखल तर जीपने लोण्यासारखा कापला. विनिता मोठ्याने हसली. आपलाच हसण्याचा आवाज तिला परका वाटला. मग ओढ्यापलीकडचा कातळ आला, शेवाळलेला. मागची चाकं सरकली, जीप आडवी झाली आणि डाव्या अंगाने एका धोंड्याला जाऊन चिकटली. फस्स करून हवा गेली. टायरची बाजू फाटली होती.

बाबांचं दार धोंड्याने बंद केलेलं. तिचं दार उघडत होतं, पण मधला गिअर ओलांडून बाबांना बाहेर काढणं तिच्या एकटीने होणारं नव्हतं. मोबाइलला रेंज नाही. मदत शोधायला जावं, तर मागे बाबा एकटे. ती स्टिअरिंगला धरून बसून राहिली. कडीबाहेर पडून आपण आलो ते इथे, असं मनात आलं आणि मग तिला हुंदकाच फुटला.

महिपतराव तिच्याकडे बघत होते. आता दारासाठी आरडाओरडा सुरू होणार, म्हणून तिने डोळे पुसले. पण त्यांनी हळूच तिच्या मनगटावर हात ठेवला.

"बाई," ते कुजबुजले, "तुम्हालाही सोडत नाहीत का हे लोक?"

"नाही हो," ती म्हणाली. "मलाही नाही सोडत."

"रडू नका. माझी पोरगी येईल. गाडी आहे तिच्याकडे. दोघांना घेऊन जाईल ती."

"कशी आहे तुमची पोरगी?"

"तापट आहे. पण येते. उशीर झाला तरी येते."

ते तिचं मनगट धरूनच बसले. जवळच्या दगडखाणीतला ट्रॅक्टर त्या वाटेने आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. खाणीतल्या दोघांनी साखळी लावून जीप ओढली, स्टेपनी बदलायला हात लावला आणि महिपतरावांना खाली उतरवून पाणी पाजलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विनिताला विचारलं, "तुम्ही कोण?"

ग्रुपबरोबर ती गेली नाही. रतनला तिने सांगितलं की चिखलाचे तीन टायर दुसऱ्या कुणाला दे आणि मला तो मधला घाल. त्याने कारण विचारलं तर म्हणाली, "आवाज कमी आहे. बाबा घाबरतात." खडकाचं ती काहीच बोलली नाही.

आता संध्याकाळी बाबा चपला घालून दाराशी आले की विनिता कधीकधी कडी काढते आणि त्यांना जीपमध्ये बसवते. घोडबंदर रोडला त्या वेळी गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात. चिखल-खडकाचे ते टायर फ्लायओव्हरखाली पाऊल पाऊल सरकतात. महिपतराव काचेतून बाहेर बघत शांत बसतात. कापूरबावडीच्या सिग्नलला कधीतरी विचारतात, "कळवा आलं का?"

"येतंय बाबा," विनिता म्हणते, आणि पुढचा गाडीवाला हलायची वाट बघते.