फ्लुकोनाझोल चालू असताना

"मॅडम, बाटली वाजली," आमची टेक्निशियन सुनीता म्हणाली. पेशंटचं रक्त बाटलीत घालून मशीनमध्ये ठेवतात. आत काही वाढलं की मशीन बीप देतं.

थेंब काचेवर घेतला, रंगवला, मायक्रोस्कोपखाली पाहिला. गोल पेशी, काहींना कोंब फुटलेले. यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी. रक्तात सापडली की जिवावर बेततं.

मी अंबरनाथच्या एका खासगी हॉस्पिटलात मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. पेशंट होत्या पालेगावच्या द्रौपदीबाई, आतड्याच्या ऑपरेशननंतर आयसीयूत. तिथल्या कुलकर्णी सरांना फोन लावला.

"यीस्ट? अहो, आठवडाभर फ्लुकोनाझोल चालू आहे त्यांना."

"म्हणूनच काळजी वाटते सर. बुरशीचं औषध चालू असताना वाढलंय."

आयसीयूतून आलेली, यीस्ट निघालेली दोन महिन्यांतली ही तिसरी बाटली. आधीच्या दोन्हींत फ्लुकोनाझोलला दाद न देणारी जात निघाली होती. मी रिपोर्ट पाठवले आणि पुढच्या कामाला लागले. त्यातला एक पेशंट गेला.

या वेळी मी स्वतः आयसीयूत गेले. सगळ्यांच्या फाइली उघडल्या. आठपैकी सहा जणांना फ्लुकोनाझोल. कारण काय, तर 'कव्हर'. म्हणजे बुरशी सापडलेली नाही, पण असू दे आपलं. हे औषध नेहमीचं यीस्ट मारतं. ज्याला ते मारू शकत नाही, त्याला मग मोकळं रान. तीन बाटल्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळत होतं. तरी सरांना बोलले, असं सरसकट फ्लुकोनाझोल देऊ नका.

सर वैतागले. "लॅबमध्ये बसून बोलणं सोपं असतं. पेशंट माझ्यासमोर जातो."

ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, "बाकीचं नंतर भांडू. द्रौपदीबाईंचं औषध आज बदला. आणि मानेच्या शिरेतली नळी काढा, यीस्ट तिलाच चिकटून बसतं."

सरांनी फाइल ओढली. नवीन इंजेक्शन लिहिलं, सिस्टरला नळी काढायची तयारी करायला सांगितलं.

दाराशी बाईंचा मुलगा उभा होता, एमआयडीसीत कामाला असलेला. "मॅडम, इतकं दिवस औषध चालू हाय, मंग ताप का नाय उतरत?"

"ते औषध या बुरशीवर चालत नसावं. आता बदललंय."

"मंग आधी कसा नाय कलला कोनाला?"

मी म्हटलं, "बाटलीत वाढायला वेळ लागतो." खरंच लागतो. पण पहिल्याच बाटलीला मी इथे यायला हवं होतं, ते मी त्याला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी जात कळली. तीच. पाचव्या दिवशीचं रक्त स्वच्छ आलं. ताप उतरला. इंजेक्शनं पूर्ण करून द्रौपदीबाई चालत घरी गेल्या.

आता 'कव्हर' एवढंच लिहून फ्लुकोनाझोल मिळत नाही. कारण लिहावं लागतं, आधी लॅबशी बोलावं लागतं. सर अजून कुरकुरतात, पण फोन करतात.

मीही बदलले. रिपोर्ट पाठवला म्हणजे काम झालं, असं धरत नाही. आयसीयू लॅबपासून तीन मजले वर आहे. लिफ्ट बंद असली तर जिना आहे.