दिलेल्या पत्त्यावर

"तिथंच थांब," पाटील म्हणले. "पुढं येऊ नको."

मी थांबले. पाटलाच्या गड्यानं पाठीवरचा फवारणीचा पंप चालू केला आणि माझ्या पायावर औषध मारलं. कपाशीवर मारतात त्याच पंपानं. चपला भिजल्या. सलवार गुडघ्यापर्यंत भिजली. पाटलानं बोटानं खूण केली, वर. गड्यानं नळी वर केली. पोटावर. ओढणीवर. मी डोळे मिटून घेतले. नाकातोंडात त्या औषधाचा वास गेला. थोड्या वेळानं तालुक्याहून हवालदार आले, मोटरसायकलीवर, गावोगाव हिंडून. त्यायला सावलीत खुर्ची दिली, चहा दिला. त्यायच्यावर फवारणी झाली न्हाई.

मी नर्स आहे. त्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, जालन्याच्या एका दवाखान्यात करोनाच्या वॉर्डात ड्युटी करून राह्यले होते. हवालदार माझ्या पासपोर्टच्या चौकशीला आल्ते. आमच्या गावात पोलिसांची कसलीबी चौकशी कुणाच्या घरी होत न्हाई. पोलीस पाटलाच्या ओट्यासमोर होते. पोलीस पाटील म्हणजे सरकारनं नेमलेला गावचा माणूस, गावाची खबर ठाण्याला देणारा. आमचे पोलीस पाटील मोठे शेतकरी, फाट्यापासून नदीपर्यंत त्यायचंच रान. हवालदार आला की तिथं बसणार, आणि ज्याची चौकशी तो उन्हात उभा राहणार. मला कळतंय तवापासून असंच.

हवालदारानं नाव विचारलं, मी सांगितलं. पत्ता विचारला. मी तोंड उघडायच्या आत पाटील बोलले.

"पत्ता? साहेब, ह्यायचं घर मेंढरामागं चालत असतं. कुठला पत्ता लिहिता?"

हवालदार हसले. गडी हसला. आणि मी पण हसले. भेवानं हसले. त्या माझ्या हसण्याची आजबी लाज वाटते.

आम्ही मेंढरवाले. दिवाळी झाली की माय आणि आबा मेंढरं घेऊन परभणीकडं निघतात, पावसाच्या तोंडाला परत येतात. पण घर आहे आमचं. गावाच्या कडंला, टिनाचं, आबानं बांधलेलं. घरपट्टी भरतो, मतदान करतो. मी त्याच घरात चुलतीजवळ राहून शाळा शिकले. मंग परतूरला कॉलेज केलं, जालन्याला नर्सिंग केलं. आखातातल्या एका दवाखान्यात माझी निवड झाल्ती, मोबाईलवर मुलाखत देऊन. फक्त पासपोर्ट पाहिजे होता. मायनं डोक्यावर बिऱ्हाड घेऊन रस्त्यानं चालायचं बंद व्हावं, आबाचे गुडघे गेलेत, त्यायनं घरात बसून खावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि तो पासपोर्टच निघंना. ऑफिसची तारीख मिळाली, लॉकडाऊन लागलं, तारीख रद्द. दुसरी मिळाली, तिथं कुणी पॉझिटिव्ह निघालं, तीबी रद्द. कसेबसे कागद जमा झाले तर चौकशीला पोलीस मिळंनात, सगळे नाक्यावर बंदोबस्ताला. तिकडच्या दवाखान्यातून निरोप यायचे, जल्दी करा, जागा धरून ठेवता येणार न्हाई. मोबाईल वाजला की वाटायचं, गेली जागा. वॉर्डात डोळ्यादेखत माणसं जाऊन राह्यली होती आणि मी एका पुस्तकासाठी झुरत होते. लाज वाटायची मला. पण भेव काही जायचं न्हाई.

तर हवालदार म्हणले, शेजारचे दोन साक्षीदार लागतील, ही इथं राहते म्हणून सही करायला. तसं ठाण्यात आणून द्या. आणि पाटलाकडं बघून म्हणले, तुम्ही म्हणसाल तसं लिहितो. झालं. मोटरसायकल गेली.

मंग पाटील माझ्याशी बोलले. शांतपणे, लाडानं बोलल्यासारखं.

"साक्षीदार काय, आत्ता उभे करतो. तुझ्या आबाला सांग, मेंढरं घेऊन ये. औंदा पेरणीपर्यंत माझ्याच रानात बसवायची."

मेंढरं बसवायची म्हणजे रात्री मोकळ्या रानात जाळी लावून कोंडायची. त्यायच्या लेंड्या आणि मुताचं खत रानाला मिळतं. ज्याचं रान तो त्याच्या बदल्यात ज्वारी देतो, गहू देतो. आमचं वर्ष त्याच्यावर निघतं. पाटलानं आजपर्यंत ओंजळभर दाणे दिले न्हाईत. आबा दरसाली गावात आले की आधी त्यायच्या रानात मेंढरं बसवायचे, फुकट, टोपी हातात घेऊन. गावात राहायचं तर एवढं करावंच लागतं, म्हणायचे. आता पाटलाला नुसत्या काही रात्री न्हाई, सगळा हंगाम पाहिजे होता. आणि माय-आबा होते पार लांब. गावोगावच्या लोकांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकून रस्ते बंद केल्ते. मेंढरवाल्याला कुणी गावात घेईना, विहिरीवर येऊ देईना, म्हणत तुम्ही रोग घेऊन हिंडता.

मी घरी येऊन अंगावरचे कपडे धुतले. मंग आबाला फोन लावला. सगळं सांगितलं. मला वाटलं आबा चिडतील. आबा चिडले न्हाईत.

"येतो," म्हणले. "पाटलाला नाराज करू नको."

आवाज असा, की पाटील त्यायच्या समोरच उभा आहे. माझा बाप. लांडग्याच्या मागं अंधारात काठी घेऊन पळालेला माणूस. मी त्यायला या म्हणले न्हाई. येऊ नका पण म्हणले न्हाई. मला पासपोर्ट पाहिजे होता.

ते निघाले. मी इकडं ड्युटीवर. पीपीई किट घालून आत जायचे तवा मोबाईल बाहेर ठेवावा लागायचा. बाहेर आले की आधी मोबाईल बघायचे. मायचा फोन आलेला असला की वाटायचं, लावू का नको. एकदा लावला तर माय रडून राह्यली होती. रडत रडतच सांगितलं तिनं. एका वेशीवर पोरांनी अडवलं होतं. आबानं हात जोडले, म्हणले थांबत न्हाई, नुसतं कडंनं जाऊ द्या. त्यायनं आबाच्या पाठीवर काठ्या घातल्या. गुडघ्यावर घातल्या. दोन कोकरं चेंगरून मेली.

"आबा कुठंय?" मी विचारलं.

"उठून राह्यलेत," माय म्हणली. "म्हणतेत, निघायचं. पोरीचं काम अडलंय."

मी दवाखान्याच्या जिन्यात बसले. खरं सांगते, आधी रागबिग काही आला न्हाई. नुसतं भेव वाटलं. आबाला काही झालं तर? आणि त्या भेवातच मला दिसलं, की आबा ह्याच भेवानं निघालेत. आजा असाच निघाला असंल. हे भेव आमच्या घरात ज्वारीच्या कणगीसारखं भरून ठेवलेलं आहे आणि आम्ही पिढ्यान्पिढ्या तेच खाऊन राह्यलो. पाटलाला हात उचलायची गरजच पडली न्हाई कधी. आमचं आम्हीच वाकायचं. मंग राग आला. आला तो आलाच.

मी मायला म्हणलं, फोन आबाला दे.

"आबा, माघारी फिरा."

"येडी का तू? त्यायच्या गावात राहायचंय आपल्याला."

"गाव त्यायचं न्हाई, आबा."

फोनमधून मेंढरांचा आवाज येत होता. मंग आबा रडायला लागले. मी कधीच ऐकलं नव्हतं त्यायचं रडणं. म्हणले, तुझं वाटोळं होईल पोरी. मी म्हणलं, होऊ द्या. पण तुम्ही मेंढरं घेऊन तिथंच कुठं आडरानात थांबा, तुम्हाला पाटलाच्या रानात यायचं न्हाई.

सुट्टी मागून मी गावात गेले. पाटलाच्या ओट्यासमोर उभी राह्यले. भेव वाटत होतं, हे लपवत न्हाई.  पाटील जेवून बाजंवर पडलेले होते.

"मेंढरं येणार न्हाईत," मी म्हणलं.

पाटील उठलेबी न्हाईत. "मंग पासपोर्ट पण येणार न्हाई," म्हणले, आणि कूस बदलली.

साक्षीच्या सहीसाठी शेजाऱ्यांकडं गेले. ज्यायच्या लेकराला मी ताप आला तर गोळ्या आणून द्यायचे त्यायच्या दारात गेले. दार उघडलं, ऐकून घेतलं, नजर खाली घातली. एक मावशी तेवढी बोलली. म्हणली, माय, तू तर जाशील विमानानं, आम्हाला इथंच राहायचंय. तिच्यावर मला राग न्हाई आला. ती आबाचंच बोलून राह्यली होती. कुणीच सही दिली न्हाई.

ठाण्यात गेले. करोनामुळं आत घेत नव्हते, दोरी बांधलेली. दोरीच्या बाहेरून अर्ज दिला, माझी चौकशी माझ्या घरी येऊन करा, घर आहे, बघा. आतला माणूस म्हणला, ठेव तिथं. मी खिडकीत ठेवला, वर दगड ठेवला. काही दिवसांनी कळलं, ठाण्यातून पासपोर्ट ऑफिसला अहवाल गेला. 'दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.' एवढंच. ज्या घरात मी चालायला शिकले त्या घरात मी राहत न्हाई.

तिकडच्या दवाखान्यानं वाट पाह्यली आणि जागा दुसरीला दिली. मी त्या दिवशी ड्युटी केली, पेशंटला ऑक्सिजन लावला, आणि जालन्यातल्या खोलीवर येऊन उशीत तोंड खुपसून रडले. आबा पावसाच्या तोंडाला परत आले, लंगडत. अजून लंगडतात. औंदाबी दिवाळीनंतर निघतील, दुसरं करणार काय. पण त्या सालापासून पाटलाच्या रानात आमची मेंढरं बसली न्हाईत. पाटलानं आमच्या नळाचं पाणी तोडायला लावलं. माय लांबून पाणी आणते. आबा रस्त्यानं जाताना पाटील दिसले की अजून कडंला सरकतात. सवय जात न्हाई.

आता मी परत अर्ज करून राह्यले. सोबतच्या नर्सा म्हणतात, येडे, जालन्यातल्या खोलीचा पत्ता टाक की. घरमालक सही देतो, चौकशी झटक्यात होते, गावाचं नाव कशाला काढतेस. बराबर आहे त्यायचं. आखातातली जागा पुन्हा निघाली आहे आणि ती माझी वाट बघत बसणार न्हाई. हेबी मला कळतं.

मी गावाचाच पत्ता टाकला.

ठाण्यात लेखी दिलंय, पोच घेतली आहे. ह्या खेपेला दोरी नव्हती, आत जाऊन साहेबाच्या टेबलावर दिलं. चौकशी घरी करा, माय आणि आबासमोर. पाटलाच्या ओट्यावर बोलावलं तर मी येणार न्हाई. अक्षर वाकडं आलं, तसंच दिलं.  भेव गेलं न्हाई माझं, आणि जाईल असं मला वाटत पण न्हाई. पण मला लांब जायचंय ते माझ्या गावातून जायचंय. मी ह्या घरात राहते, असं सरकारच्या हातानं लिहून घेतल्याशिवाय मी हे घर सोडून कुठंच जाणार न्हाई.