सावडीचं कार्ड

ग्राफिक्स कार्ड कोणी सावडीने वापरतं काय? आम्ही वापरलं. लावणीला आज माझ्या शेतात, उद्या तुझ्या, ही सावड आमच्याकडे घरोघर चालते. मी शहापूरचा, माझा कॉलेजचा मित्र मुरबाडकडच्या धसईचा. दोघांनाही थ्रीडी ॲनिमेशनचं खूळ, आणि त्यातली जड दृश्यं भराभर तयार करणारं चांगलं कार्ड एकट्याला परवडेना. म्हणून दोघांत एक घेतलं. एक आठवडा त्याच्या कॉम्प्युटरमध्ये, एक आठवडा माझ्या. तो टॉवेलात गुंडाळून मोटारसायकलवर आणायचा.

पहिल्यांदा कार्ड पळवलं ते माझ्या घरी. पळवलं म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर थोडं थोडं चढवत नेलं. दर वेळी टेस्ट लावायची. ती पडद्यावर जड दृश्यं फिरवते आणि शेवटी गुण देते. पंख्याचा आवाज ऐकून आईने विचारलं, घरात गिरण घातली काय रे. पुढे पडद्यावर हिरवे चौकोन उमटले, म्हणजे कार्डाला झेपेना, तसा घाबरून वेग खाली आणला. तेव्हाच ठरलं, दोघं समोर असल्याशिवाय वेगाला हात लावायचा नाय. ही अट त्यानेच घातली होती.

परत आलेलं कार्ड मी कधी तपासलं नाही. सावडीला आलेल्या माणसाने किती रोपं लावली ते कोणी मोजत बसतं काय?

या उन्हाळ्यात मुंबईच्या एका स्टुडिओत नवी माणसं घ्यायची होती. एक छोटं दृश्य बनवून पाठवायचं, बस्स. मला ती नोकरी जिवापाड हवी होती. मित्राला बातमी मीच दिली. तेवढ्यात तो म्हणाला, चुलतभावाच्या लग्नाचा व्हिडिओ अडलाय, तुझा आठवडा मला दे. दिला. मुदतीआधीचा शेवटचा आठवडा मला पुरेल असं वाटलं.

कार्ड आलं, बसवलं, आणि काम सरकेचना. त्याला फोन केला तर म्हणाला, ऊन किती आहे बघ, आणि तुमच्याकडे व्होल्टेज कधी धड असतं? मला पटलं. मी येडा बाबांवरच चिडलो, यांनी वायरिंग कसंतरी उरकलं म्हणून. ते बिचारे बाजारातून स्टॅबिलायझर घेऊन आले. मुदत संपली तेव्हा माझं दृश्य अर्धंच झालं होतं.

चार दिवसांनी टेस्ट लावली. गुण पूर्वीच्या निम्मेसुद्धा नाहीत. शोधलं तर कार्डाचा वेग आतूनच कमी करून बांधून ठेवलेला. मूळ वेगावर आणताच हिरवे चौकोन. कार्ड आधीच भाजलेलं होतं, आणि ते मला कळू नये म्हणून त्याने त्याला हळू चालायला लावलं होतं. अंगाची लाही लाही झाली. ज्याच्या ताटात जेवलो त्याने केसाने गळा कापला.

तसाच धसईला गेलो. ओट्यावर त्याने सगळं कबूल केलं. लग्नाचा व्हिडिओ वगैरे काही नव्हतं. त्याच नोकरीसाठी त्यानेही दृश्य पाठवलं होतं, कार्ड एकट्याने वाटेल तसं पळवून. त्याची निवडही झाली होती. त्याच्या आईने आनंदाने माझ्या हातावर पेढा ठेवला आणि ती दारातच उभी राहिली.

"मी पण पाठवतोय म्हटलं असतं, तर तुझा आठवडा दिला असतास काय मला?" त्याने हळूच विचारलं.

"दिला असता की रे," मी म्हणालो. "दोघांनी बसून पळवलं असतं."

त्याने मान खाली घातली. त्याची आई बघत होती, म्हणून मी पेढा खाल्ला.