बारीक पेंटरांची पॅसेंजर

बारीक पेंटर रेघ ओढताना श्वास घेत नसत. श्वासच नाही म्हटल्यावर बोलण्याचा तर प्रश्नच नव्हता. "ताई, परवा सिल्लोडला गेलो व्हतो, तिथं एका शाळेच्या पाटीवर..." एवढं म्हणून त्यांचा ब्रश टेकला की वाक्य जिथल्या तिथं थांबायचं. आपण चहाचा ग्लास हातात धरून उभं राहायचं. रेघ या टोकाची त्या टोकाला पोचायची, ब्रश उचलला जायचा, लांब उसासा बाहेर पडायचा आणि मग उरलेलं वाक्य यायचं. "...'ळ'ला पोटच नाय. मलाच लाज वाटली बगा, जशी काय मीच लिवली व्हती." घाईतल्या माणसाने त्यांच्याशी गप्पा मारायला जाऊच नये. मी जायचे, कारण माझ्या चष्म्याच्या दुकानात दुपारी दोन ते चार काळं कुत्रं फिरकत नाही.

औरंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत पेंटर दोन. एक घरं-भिंती रंगवणारा, तो जाडा पेंटर. हे पाट्या आणि नंबरप्लेटी लिहिणारे, म्हणून बारीक पेंटर. प्रत्यक्षात जाडा पेंटर काडीसारखा होता आणि आमचे बारीक पेंटर स्टुलावर बसले की स्टूल दिसत नसे. नवखी माणसं हटकून चुकायची आणि पाटीचं काम जाड्याकडे घेऊन जायची. मी ज्यांना काका म्हणायचे त्या बारीक पेंटरांनी कधी कुणाला हटकलं नाही. "नाव कामाला असतंय ताई, अंगाला नाय," म्हणायचे.

फ्लेक्स आला आणि पाट्यांचा धंदा बसला. त्यांच्या वस्तीतली एप्रिलच्या जयंतीची कमान तेवढी ते दरवर्षी हातानेच रंगवत. तिथं फ्लेक्सचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती. बाकी वर्षभर दुकान सुनं. अशात माझे एक गिऱ्हाईक डॉक्टर त्यांच्याकडे वीतभर लांबीचं रेल्वे इंजिन घेऊन आले. मुलाने परदेशातून पाठवलेलं, रुळावर विजेने धावणारं, हिरवंगार आणि सोनेरी पट्ट्यांचं. "हे साहेबाचं दिसतं. आपल्याकडचं करून द्याल?" डॉक्टरांनी विचारलं. काकांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि ठेवून घेतलं. पंधरा दिवसांनी काळंभोर, पुढे लाल पट्टा असलेलं, अंगावर तीळभर आकड्यांचा नंबर मिरवणारं इंजिन पाहून डॉक्टर खुर्चीतच बसले. मग त्यांच्यासारख्याच हौशी लोकांची पार्सलं पुण्याहून, नागपूरहून यायला लागली.

डब्यांच्या बाबतीत काकांचा एक नियम होता. परदेशी डब्याला नुसता रंग दिला म्हणून तो आपला होत नाही, खिडकीला गज बसले की होतो. जळालेल्या पंख्याच्या मोटारीतून केसासारखी तांब्याची तार काढायची, तिचे तुकडे करायचे आणि चिमट्याने एकेका खिडकीत आडवे बसवायचे. एका डब्याला एक आठवडा. एकदा मी म्हटलं, "काका, एवढे गज कोण मोजणार आहे?" त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मुकाट्याने चहा सांगितला.

दुसऱ्यांच्या गाड्या रंगवता रंगवता त्यांच्या डोक्यात स्वतःची गाडी शिरली. त्यांचे वडील रेल्वेत गँगमन होते. लासूरच्या अलीकडे रुळाच्या कडेला त्यांची खोली होती आणि तिच्यासमोरून मीटरगेजची पॅसेंजर जायची. गाडी यायच्या वेळी आबा, म्हणजे वडील, रुळाच्या बाजूला झेंडी घेऊन उभे राहायचे. धाकटा उत्तम, म्हणजे आमचे काका, त्यांच्या धोतराला धरून. आता ते रूळही गेले आणि ती इंजिनंही गेली. ती गाडी काकांना पुन्हा उभी करायची होती. एक इंजिन आणि पाच डबे.

हे काम मी दोन वर्षं पाहिलं. पहिले तीन महिने ते गाडीची खालची बाजूच करत होते. चाकं, त्यांना जोडणारे दांडे, ब्रेकच्या पट्ट्या, जे टेबलावर ठेवल्यावर कुणाच्या बापाला दिसणार नाही ते सगळं. छताला मात्र एकदाच ब्रश फिरवला. मी कारण विचारलं तर म्हणाले, "आमी गाडी खालूनच बगितली ना. छत कुटं दिसायचं आमाला?"

डब्याच्या लाल रंगावरून तर त्यांनी आमचा जीव खाल्ला. फोटो होते ते काळेपांढरे. गेरू, काव, शेंदरात काजळी, सगळं करून झालं, पण "ह्यो नाय" हेच. शेवटी कुणीतरी सांगितलं की दौलताबादच्या पुढे एका धनगराच्या शेतात भंगारात काढलेल्या डब्याचा जुना दरवाजा आहे, शेळ्यांच्या वाड्याला लावलेला. माझ्या स्कूटरवर मागे बसून ते तिथं आले आणि दारापुढे गुडघे टेकून वास घेतल्यासारखे जवळून बघत बसले. शेतकरी हवालदिल. "दार नेऊ नगा बरं साहेब. शेरडं कुटं कोंडू मी?" काकांनी ब्लेडने नखाएवढा पापुद्रा काढून घेतला. वरच्या थरांखाली जो लाल निघाला तो पाहून त्यांनी पापुद्रा कागदात गुंडाळून खिशात ठेवला. परत येताना स्कूटरवर मला मागून हुंदका ऐकू आल्यासारखा वाटला. मी मागे वळून पाहिलं नाही.

मग तपशील सुरू झाले. बॉलपेनच्या रिफिलची पितळी टोकं कापून त्यांच्या दुधाच्या कॅन झाल्या आणि त्या खिडकीच्या गजांना बाहेरून लटकल्या. लासूरचे गवळी तशाच लटकवायचे. एवढं सगळं झाल्यावर चकचकीत गाडी त्यांनी बायकोला, शांताकाकूंना, दाखवली. काकूंचं माहेर त्याच लायनीवरचं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि निकाल दिला, "लई नटवली. आपली गाडी अशी न्हवती. निस्ता धुरळा असायचा." पाट्या लिहिणाऱ्याला चकचकीतपणा सोडवत नाही. आठ दिवस काका फुगून होते. नवव्या दिवशी त्यांनी लासूरकडची माती आणवली, काकूंच्या जुन्या लुगड्यातून चाळली आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या रंगावर धूळ बसवली. पहिला डबा मळवताना त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

आता मला माझ्या पोटातली गोष्ट सांगायला हवी. याच काळात मला काकांच्या डोळ्यांची शंका यायला लागली होती. डाव्या हाताला ठेवलेला चहाचा ग्लास ते हमखास लवंडायचे. वर "हितं कुणी ठिवला?" म्हणून आमच्यावरच डाफरायचे. गल्लीत लावलेल्या मोटारसायकलींवर मांडी आपटून घ्यायचे. पण औरंगपुऱ्यात माणूस गाडीवर आपटला तर कुणी त्याचे डोळे तपासत नाही, गाडीवाल्याला शिव्या देतात. मला मात्र काचबिंदूची लक्षणं माहीत होती. यात समोरचं लख्ख दिसत राहतं आणि नजर बाजूने गुपचूप आवळत जाते.

मी त्यांना दहा वेळा बसवलं. "काका, माझ्या नाकाकडे बघा. बाजूला बोट हललं की सांगा." ते लगेच डोळे वळवून बोटाकडे बघायचे. "हे काय, हलतंय की." "वळायचं नाही काका, समोर बघा." "समोर बगून बाजूचं कसं सांगू? मी काय घुबड हाय?" आणि मग ठरलेलं वाक्य, "मोहरीएवढा आकडा लिवतो मी ताई, चष्म्याबिगर. अन् तुमी म्हंता डोळे खराब." डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं की "गाडी होऊ द्या" हे उत्तर. मी चिडायचे, दोन दिवस बोलायचे नाही आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चहा घेऊन जायचे. काकूंना स्पष्ट सांगायला हवं होतं. त्या घाबरतील म्हणून मी सांगितलं नाही, याचा मला आजही राग येतो.

गाडी झाली. ती चालवायला जागा माझ्याच दुकानात, रविवारी, शटर अर्धं ओढून, काका, काकू आणि मी. दोन टेबलं जोडली, लांबट गोल रूळ मांडले. त्यांनी मधोमध रुळाच्या बाजूला काड्यापेटीएवढी खोली ठेवली आणि तिच्यापुढे बोटाच्या पेराएवढा माणूस, धोतर, मुंडासं, हातात हिरवी झेंडी. हे आबा त्यांनी आम्हाला आधी दाखवलेच नव्हते. मग स्टूल ओढून, हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवून काका बसले आणि म्हणाले, "सोडा."

मी बटण फिरवलं. गाडी उजवीकडून आली. काका गाडीकडे बघतच नव्हते. त्यांची नजर आबांवर होती, ढळतच नव्हती. इंजिन आबांपुढून गेलं, पाच डबे गेले, कॅन हलत गेल्या. गाडी डावीकडच्या वळणाकडे निघाली आणि काका हळूच म्हणाले, "पडली का?"

"काय पडली?" काकूंनी विचारलं.

"गाडी."

गाडी त्यांच्या डाव्या कोपरापासून हातभर अंतरावर व्यवस्थित धावत होती. "हे काय, हितंच तर हाय," काकू म्हणाल्या. वर्षभर माझ्या बोटांना जे जमलं नाही ते त्या पेराएवढ्या आबांनी केलं होतं. काकांचे डोळे त्यांनी एका जागी धरून ठेवले होते. गाडी फिरून पुन्हा आली, आबांपुढून गेली. काकांनी डोळे हलवले नाहीत. मुद्दाम हलवले नाहीत, हे मला कळत होतं. असे चार फेरे त्यांनी पाहिले. प्रत्येक फेऱ्याला ते टेबलावर बोट टेकवत होते, जिथं गाडी नाहीशी होत होती तिथं. चौथ्यांदाही बोट त्याच जागी आलं. मग म्हणाले, "ताई, बंद करा. उद्या कितीला उघडतंय डॉक्टरचं?"

काचबिंदूच होता. डावा डोळा बराचसा गेला होता, उजवा वाचण्यासारखा होता. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंबांनी राखता येतं, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. काकूंनी सकाळ-संध्याकाळचे थेंब कधी चुकवले नाहीत. पुढच्या तपासण्यांमध्ये उजवा डोळा होता तसाच राहिला आणि काकांनी पुन्हा ब्रश उचलला. चहाचा ग्लास मात्र आम्ही उजवीकडे ठेवायला लागलो.

गेल्या वर्षी काका-काकू मुलीकडे नाशिकला राहायला गेले. निघण्याच्या महिनाभर आधी त्यांनी गाडी रुळांसकट माझ्या दुकानात आणून मांडली. मी नको-नको म्हणत होते. "माझ्या घरी निस्तं कौतुक व्हईल तिचं," ते म्हणाले. "हितं कामाला लागंल." चाळिशी ओलांडलेलं कुणीही चष्म्याला आलं की मी त्याला स्टुलावर बसवते, आबांकडे बघायला सांगते आणि गाडी सोडते. ही काही डॉक्टरी तपासणी नव्हे, हे मी प्रत्येकाला सांगते. बहुतेकांना गाडी पूर्ण फेराभर दिसते. ते हसत उठतात, आणि कॅन कशाच्या केल्यात ते विचारतात.

काका जायच्या आदल्या आठवड्यात नाक्यावरचे रिक्षावाले सलीमभाई पेपर वाचायचा चष्मा करायला आले. काका तिथंच बसले होते. सलीमभाईंनी आबांवर नजर लावली, मी गाडी सोडली. दोन फेऱ्यांनंतर ते म्हणाले, "मॅडम, गाडी बंद पड गई क्या? उधरसे निकलीच नै अबतक."

गाडी त्यांच्या उजव्या हाताला धावत होती. मी काकांकडे पाहिलं. ते उठले, सलीमभाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि भाईंच्या मांडीवर त्यांनी हात ठेवला.

"भाई, रिक्षाची चावी ताईकडं द्या."

"कायको?"

"आपल्याला दवाखान्यात जायचंय. दुसऱ्याच्या रिक्षात. मी सांगतो तुमाला सगळं रस्त्यानं."

सलीमभाईंचा चेहरा उतरला. "रोजी का सवाल है पेंटरसाब. आँख गई तो रिक्षा गई."

"माझा डावा गेलाय," काका म्हणाले. "उजवा राखलाय. त्याच्यावर सगळं चाललंय बगा. तुमचंबी राखतेत. पर आजच चला, मी एक वरीस गमावलं."

सलीमभाईंनी चावी काढली, पुन्हा खिशात घातली, पुन्हा काढली. मग त्यांनी ती माझ्या काउंटरवर ठेवली. रिक्षा रस्त्याच्या पलीकडे मिळणार होती आणि दुपारची वर्दळ दोन्ही बाजूंनी अंगावर येत होती. मी सोबत निघाले तर काकांनी हातानेच मला थांबवलं. पायरीवर उभं राहून त्यांनी सलीमभाईंना आपल्या डाव्या अंगाला घेतलं आणि त्यांच्या दंडात हात घातला.

"उजवीकडचं मी बगतो," ते म्हणाले. "डावीकडचं तुमी बगा."

आणि ते दोघं रस्ता ओलांडून गेले.